बिऱ्हाड पाठीवर, वाटाड्या खिशात

‘फोन आहे ना!’ या उत्तराने अलीकडे इतक्या प्रश्नांची तोंडे बंद केली आहेत, की त्याच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर अरसिक ठरतो, नाही तर म्हातारा. दोन्ही आरोप पत्करून मी आज त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांना चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून दोन-दोन, तीन-तीन आठवडे हिंडण्याची हौस लागली आहे. हौस उत्तम आहे. पण ‘वाट कशाने ठरवली?’ असे विचारावे, तर शिकलेसवरलेले, प्रत्यक्ष संगणकाच्या धंद्यात मुरलेले लोकही खिशावर हात मारून हेच उत्तर देतात. हे उत्तर अपुरे आहे, असे मी म्हणत नाही. अपुऱ्या गोष्टीत भर घालून भागते. हे उत्तर मुळातच चुकीचे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. ट्रेलर म्हणजे वीस ते तीस फूट लांबीची, चाकांवर उभी केलेली खोली. आत बिछाने, चूल, शीतकपाट, न्हाणीघर, शौचकूप. तिला स्वतःचे इंजिन नसते; मोटारीच्या किंवा पिकअप गाडीच्या मागच्या गोळ्याला ती अडकवायची आणि ओढीत न्यायची. पाणी, भांडी, अंथरुणे भरली की अडीच-तीन टनांचे ओझे सहज होते. छतावर वातानुकूलनाचे यंत्र, त्यामुळे उंची दहा-साडेअकरा फूट. पुढच्या दांडीवर स्वयंपाकाच्या गॅसचे दोन सिलिंडर. ओढणारी गाडी धरून सगळा लवाजमा पंचेचाळीस-पन्नास फुटांचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, पण विंचवाला पुलाखालून जाताना पाठ मोजावी लागत नाही. अमेरिकेत ओढायची किंवा स्वतः चालणारी अशी चाकांवरची घरे बाळगणारी कुटुंबे सुमारे १ कोटी १२ लाख आहेत, असे त्या धंद्यानेच २०२१ साली करवून घेतलेल्या पाहणीत आढळले होते. आपल्या लोकांत भाड्याने घेणारेच अधिक. गावाकडून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना यलोस्टोन दाखवायचे असते, हॉटेलांचे जेवण त्यांना सोसत नाही, मग चूलच बरोबर नेलेली बरी, असा हिशेब. म्हणजे या खोलीमागे कोणाचे जीव बांधलेले असतात, हे निराळे सांगायला नको.

आता त्या खिशातल्या वाटाड्याकडे पाहू. तो तुम्हांला विचारतो: कोठून निघणार? कोठे जाणार? फार तर, पथकर चालेल का, महामार्ग चालेल का, नावेतून जाल का, एवढे विचारतो. गाडीची उंची किती? लांबी किती? वजन किती? गॅस बरोबर आहे का? यांपैकी एकही प्रश्न तो विचारीत नाही. न विचारता त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की तुम्ही एका लहानशा मोटारीत बसला आहात. त्या मोटारीसाठी त्याचे उत्तर बिनचूक असते. पण ती मोटार तुमची नव्हे! दुसऱ्याच्या प्रश्नाचे अचूक उत्तर घेऊन तुम्ही डोंगर उतरू पाहता. साधन काय काय दाखवते यावरून त्याची परीक्षा करण्याची आपल्याला सवय लागली आहे. चकचकीत चित्रे, वाटेतली खाणावळ, पुढच्या वळणावरची गर्दी, सारे दाखवते म्हणून ते चांगले! माझे म्हणणे असे, की ते तुम्हांला काय विचारते यावरून त्याची परीक्षा करा. उंची न विचारणाऱ्या साधनाला ट्रेलरवाल्याला वाट सांगण्याचा अधिकारच पोचत नाही.

हे तर्कट वाटत असेल तर बाल्टिमोरचे उदाहरण घ्या. न्यू जर्सीतून वॉशिंग्टनकडे किंवा त्यापुढे शेनान्डोआच्या डोंगरांकडे जाणारा माणूस ९५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने निघतो. फोनही तेच सांगतो. बाल्टिमोरला हा रस्ता बंदराच्या पाण्याखालून, फोर्ट मॅकहेन्रीच्या बोगद्यातून जातो. जवळच ८९५ क्रमांकाच्या रस्त्यावर दुसरा, अधिक जुना बोगदा आहे. या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांहून मोठा प्रोपेन गॅसचा सिलिंडर न्यायला मनाई आहे. ट्रेलरवरचे सिलिंडर बहुधा वीस किंवा तीस पौंडांचे असतात. म्हणजे दोन्ही वाटा बंद. जाणते लोक ६९५ क्रमांकाच्या वळणमार्गाने फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ हे मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर दगावले. तेव्हापासून गॅसवाल्याला शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालून जाणे भाग पडले. या एका शहरात तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: बोगद्याचा नियम, आपल्या सिलिंडराचे वजन आणि पुलाचे काय झाले ते. फोनला तिसरी त्याच दिवशी कळली, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या दोन मात्र तो तुमच्याशी काढीतच नाही, कारण त्याच्या लेखी तुमच्यापाशी गॅस नाहीच. बोगद्यात काही घडले तर पेटणारी वस्तू तुमच्या दांडीवर असते आणि मागेपुढे शेकडो परकी माणसे अडकलेली असतात. तेथे ‘मला फोनने सांगितले’ हा बचाव कोणापुढे करणार?

दुसरे उदाहरण डोंगरातले. आयडाहोतून वायोमिंगमधल्या जॅक्सनला जाणारी जवळची वाट टीटन पास या घाटातून जाते. घाटमाथा ८,४३१ फुटांवर आहे आणि उतार दहा टक्क्यांपर्यंत पोचतो, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की दहा फूट खाली. १५ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात तेथे ट्रेलरला बंदीच असते. उन्हाळ्यात बंदी नसते, आणि खरा धोका तेव्हाच, कारण भाड्याच्या ट्रेलरवाल्यांचा हंगाम तोच. फोन मिनिटे मोजतो. उतार मोजणे त्याच्या स्वभावात नाही. लहान मोटारीला दहा टक्क्यांचा उतार म्हणजे गंमत. पण मागून तीन टनांची खोली रेटू लागली, आणि नवशिक्याने गिअर खाली न आणता पाय ब्रेकवर दाबून धरला, की ब्रेक तापत जातात. तापलेला ब्रेक धरीत नाही, आणि धरीत नाही हे कळते तेव्हा वळण समोर असते. त्या घाटाला पर्याय आहे. स्वान व्हॅलीतून अल्पाइनकडे आणि तेथून स्नेक नदीच्या काठाकाठाने जॅक्सनला जाता येते. वाट काही मैलांनी लांब, पण सौम्य. हे काही मैल फोनला तोटा वाटतात. फोन प्रामाणिकपणे तोटाच सांगतो, कारण उतार ही वस्तू त्याच्या जमाखर्चात मांडलेलीच नाही.

कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेबद्दल फार लिहीत नाही. १९३८ ते १९४० या काळात टप्प्याटप्प्याने उघडलेला हा रस्ता फार देखणा. त्यावरच्या पुलांच्या कमानी एकीसारखी दुसरी नाही. ट्रेलरला तेथे मुळीच परवानगी नाही. शेजारचा ९५ क्रमांकाचा रस्ता तुंबला, की फोन मोठ्या मायेने तुम्हांला तिकडे वळवू पाहतो. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानाचा सुप्रसिद्ध ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ताही तसाच. मधल्या डोंगरी भागात ओढणारी गाडी धरून २१ फुटांहून लांब वाहन चालत नाही. तुमचा लवाजमा त्याच्या दुप्पट!

वेळेचा हिशेबही असाच उसना. कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची कमाल मर्यादा आहे. शेजारून मोटारी ७० ने जातात. ३५० मैलांचा पल्ला ७० ने पाच तासांत होतो, तोच ५५ ने सहा तास वीस मिनिटे घेतो. त्यात पेट्रोल भरायला दुप्पट वेळा थांबणे, म्हातारी माणसे, मुले. फोनने सांगितलेले दुपारचे चार म्हणजे प्रत्यक्षात संध्याकाळचे सात. मग अंधारात, अनोळखी तळावर, झाडांमधून ट्रेलर मागे घालायचा. मागे घेताना सुकाणू उलट फिरवावे लागते, हे ज्याने एकदा करून पाहिले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मुरलेले ट्रेलरवाले दिवसाला तीनशे मैलांहून अधिक जात नाहीत आणि दुपारी तीनच्या आत तळ गाठतात. हा नियम कोणत्याही यंत्राने त्यांना शिकवलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, की बिचाऱ्या नकाशावाल्यांना एवढे सगळे कसे जमावे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये खास हिंदुस्थानासाठी दुचाकींची वाट सांगण्याची सोय काढली, कारण आपल्याकडे स्कूटर ज्या बोळातून जाते तेथून मोटार जात नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे वाहन बदलले की वाट बदलते, हे तत्त्व त्यांना ठाऊक आहे! मग घरच्या एक कोटीहून अधिक कुटुंबांना ‘तुमची उंची किती?’ एवढा एक प्रश्न विचारण्याने कोणते आकाश कोसळणार होते? उंची विचारली की उत्तराची जबाबदारी येते, हे तर त्यामागचे कारण नसेल? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण न विचारणाऱ्याला न सांगितल्याचा दोष लागत नाही, हा शहाणपणा आपल्याकडे कचेरीतल्या कारकुनालाही अवगत असतो.

‘पुलावर पाटी असतेच की!’ हा दुसरा आक्षेप. असते. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर ‘फक्त मोटारींसाठी’ अशा पाट्या आहेत, उंचीचे इशारे आहेत. तरीही दर वर्षी १ सप्टेंबरच्या सुमाराला, विद्यार्थ्यांची घरे बदलण्याचा मोसम आला, की भाड्याच्या मालमोटारी त्या पुलांखाली अडकून छत सोलून घेतात. या प्रकाराला त्या गावाने एक क्रियापदच बहाल केले आहे. उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅम गावी एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता. शेजारच्या माणसाने २००८ पासून कॅमेरे लावून तेथल्या धडका टिपल्या, आणि साऱ्या जगाने त्या हसत हसत पाहिल्या. पुढे तेथे उंच गाडी ओळखून लाल दिवा लावणारी आणि ‘वळा’ म्हणून सांगणारी यंत्रणा बसवली. धडका चालूच. शेवटी २०१९ साली पूलच उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला. त्यानंतरही छते सोलली गेलीच. पाटी वाचली जात नाही, कारण वाचणाऱ्याला स्वतःची उंची ठाऊक नसते. आणि ठाऊक असली, तरी पन्नास फुटांचा लवाजमा पाटीपाशी उभा करून मागच्या दहा मोटारींना ‘मागे सरा’ म्हणणे कोणाच्या बापाला जमणार? पाटीचे काम शेवटच्या क्षणी हटकण्याचे आहे. वाट ठरवण्याचे काम आदल्या रात्री व्हावे लागते.

रसिकांचा आक्षेप याहून गोड असतो. मोकळा रस्ता, वाटेल तेथे वळावे, मोजपट्टी लावून का कोठे भटकंती होते? मला या लोकांचे नवल वाटते. वाटेल तेथे वळण्याचा आनंद ज्याला वळता येते त्यालाच आहे. कोणत्या वाटा आपल्याला खुल्या आहेत हे आदल्या रात्री पाहून ठेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी एखादी पाटी पाहून खुशाल आत वळतो. न पाहिलेला माणूस मुख्य रस्ता सोडायलाच भितो, किंवा सोडतो आणि अरुंद रस्त्याच्या टोकाला पोलिसाच्या मदतीची वाट पाहत बसतो.

आता उलट्या टोकाचा पंथ. हे साधनसंग्राहक. यांच्या फोनमध्ये पेट्रोलच्या भावाला एक, वाऱ्यापावसाला एक, तळ शोधायला दोन, ‘वाटेत काय पाहावे’ याला एक, अशी पाच-सात साधने गुण्यागोविंदाने नांदत असतात. संध्याकाळच्या संध्याकाळी ही मंडळी कोणते साधन श्रेष्ठ यावर वाद घालतात. एवढे करून थांबे ठरतात एका साधनात, आणि सकाळी ते थांबे उचलून घातले जातात त्याच फुकटच्या नकाशात! तो नकाशा दोन थांब्यांमधली वाट आपल्या मनाने पुन्हा आखतो, लहान मोटारीची. रात्रीची सगळी मेहनत किल्ली फिरवताच वाया. तळ निवडतानाही तेच. साडेचार तारे पाहून हुरळतात. तारे देणारा तंबूवाला होता की ट्रेलरवाला, हे कोण पाहतो? योसेमिटीतल्या अपर पाइन्स तळावर ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे. ती ताऱ्यांत दिसत नाही, आरक्षणाच्या सरकारी पानावर दिसते. शिवाय विक्रेत्याच्या भाषेत ‘२४ फुटी’ म्हणजे बहुधा नुसत्या खोलीची लांबी. पुढची दांडी धरली की आणखी तीन-चार फूट.

मग निवडायचे काय? गार्मिन कंपनीची या वाहनांसाठीची खास यंत्रे आहेत, ‘आर. व्ही. लाईफ’सारखी वर्गणी भरून मिळणारी साधने आहेत. ती उंची, लांबी, वजन आधी भरून घेतात आणि मग वाट आखतात. वर्षाची वर्गणी तळावरच्या एक-दोन रात्रींच्या भाड्याइतकी. जे लोक हजारो डॉलर सहलीवर उधळतात त्यांना एवढीच रक्कम जड जाते, हे मला कधी उमगले नाही. माझी अट इतकीच, की ज्या साधनात आखणी केली त्याच साधनाने गाडी हाकावी. फोनवरचा फुकटचा नकाशा गर्दी पाहण्यापुरता शेजारी ठेवावा. त्याने ‘इकडून वळा, सात मिनिटे वाचतील’ म्हटले तर ऐकू नये.

पण या विचारणाऱ्या साधनांचीही आरती मी ओवाळणार नाही. त्यांचे ज्ञान माणसांनी भरलेले असते; भरायचे राहते, शिळे होते. झायॉन उद्यानातला १९३० सालचा बोगदा घ्या. ११ फूट ४ इंच उंच किंवा ७ फूट १० इंच रुंद अशा वाहनांना तेथे अनेक वर्षे शुल्क घेऊन, समोरची वाहतूक थांबवून सोडीत. पुढे उद्यानाने २०२६ पासून मोठी वाहने त्या रस्त्यावरून वळवण्याचे जाहीर केले. अशी गोष्ट प्रथम उद्यानाच्या पानावर येते, साधनात सावकाश झिरपते. म्हणून दुसरा साक्षीदार हवा, आणि तो निराळ्या घराण्यातला हवा. मालमोटार हाकणाऱ्यांसाठी रँड मॅकनॅली कागदी नकाशांचे पुस्तक काढते. त्यात कमी उंचीचे पूल आणि बंदीचे रस्ते राज्यवार दिलेले असतात. घाटांच्या उतारांची माहिती देणारी ‘माउंटन डिरेक्टरी’ नावाची पुस्तके आहेत. कॅन्यनमध्ये फोनचे जाळे नाहीसे झाले, की ही पुस्तके तशीच्या तशी वाचता येतात. शिवाय कागद मालकाच्या लहरीवर बंद पडत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’ हे ट्रेलरवाल्यांचे लाडके साधन होते. कित्येकांनी आपल्या अनेक वर्षांच्या सहली त्यात नोंदवून ठेवल्या होत्या. २०१४ अखेर कंपनीने ते विकणे थांबवले, आणि त्या वह्या अनाथ झाल्या.

कोणासाठी काढलेला नकाशा, हा प्रश्न अमेरिकेत नवा नाही. पेट्रोल कंपन्या फुकट वाटीत त्या नकाशांत रस्ते अचूक असत, पण काळ्या कुटुंबाला कोणत्या गावात रात्री खोली मिळेल, कोणत्या गावातून सूर्यास्ताआधी निघावे लागेल, हे त्यांत नसे. ते नकाशे सर्वांना एकच प्रवासी समजत. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या हार्लेममधल्या टपालवाल्याने १९३६ साली आपले ‘ग्रीन बुक’ काढले, ते या उणिवेतून. त्यात हॉटेले, खाणावळी, दुरुस्तीची दुकाने यांचे पत्ते असत, आणि ते तीस वर्षे निघत राहिले. त्या अन्यायाशी माझ्या छताच्या उंचीची तुलना करण्याइतका मी उद्दाम नाही. पण साधन काढणाऱ्याने आधी प्रवासी कोण हे पाहिले पाहिजे, हे त्या टपालवाल्याला कळले होते.

राहता राहिले भाड्याने देणारे. यांच्यावर माझा खरा राग आहे. मी एकदा एका भाड्याच्या आवारात ट्रेलरची उंची विचारली. तेथल्या तरुणाने छताकडे मान वर करून पाहिले आणि ‘दहा-अकरा फूट असेल, काही अडचण येणार नाही,’ असे सांगितले. करारपत्र अठरा पानांचे होते. खरचटले तर किती, सांडपाण्याची टाकी धुतली नाही तर किती, कुत्र्याचे केस सापडले तर किती, सगळे दर त्यात होते. उंची नव्हती. मी शिडी मागितली. ती आणायला त्याने वीस मिनिटे लावली आणि चेहराही तसाच केला. वातानुकूलनाच्या टोपणापर्यंत फीत लावली तेव्हा अकरा फूट एक इंच भरले. छापील माहितीपत्रकातला आकडा नऊ इंचांनी कमी होता, कारण तो नुसत्या छताचा. सुकाणूसमोरच्या उन्हाच्या झडपेवर उंची, लांबी आणि सिलिंडरचे वजन लिहिलेली पट्टी चिकटवायला असा किती खर्च येतो? ती सक्तीची व्हावी, अशी मागणी भाड्याने घेणाऱ्यांनी करायला हवी, आणि आपल्या मंडळांनी सहलींची आमंत्रणे छापताना ती पहिल्या ओळीत घालायला हवी. तोवर ज्याला किल्ली हातात मिळेल त्याने सही करण्यापूर्वी शिडी मागावी. शिडी नाही म्हणाले, तर पुढच्या आवारात जावे.